मेल गेला, पोचला नाही

बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्याची केबिन. बाहेर स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर ग्राइंडर चालू आहे, त्यामुळे बोलणं वरच्या पट्टीतच. टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर कंपनीचंच संकेतस्थळ. वेबसाइटची कामं बघणारा तरुण चौकशीचा फॉर्म भरतो. नाव, मोबाइल आणि मजकुरात 'चाचणी' एवढाच एक शब्द. बटण दाबल्याबरोबर हिरव्या पट्टीत ओळ उमटते : धन्यवाद, आपला संदेश पाठवला आहे. मालक शेजारच्या खिडकीत इनबॉक्स उघडून बसलेले. पाच मिनिटं जातात, दहा जातात. स्पॅमचा कप्पाही बघून होतो. काही नाही.

"वेबसाइट तर सांगते, गेला म्हणून," मालक म्हणतात.

"गेलाय शेठ. कुठे गेलाय, ते बघायचंय."

'न पोचलेली पत्रं' हा विषय संपादकांनी दिला तेव्हा मला जुन्या टपालापेक्षा हीच पत्रं आठवली. कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून रोज निघणारी आणि वाटेत कुठे तरी थांबणारी. ती शोधायला पालघर-बोईसरला यायचं कारण सरळ होतं. रसायनं, औषधं, कापड, पोलाद अशा शेकडो कारखान्यांची ही वसाहत. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 मध्ये इथेच, तारापूरला सुरू झालं. मोठ्या कारखान्यांकडे स्वतःचा आयटी विभाग असतो. त्यांना टाक्या, पाइप, पॅनल, पॅकिंग पुरवणाऱ्या पंधरा-वीस माणसांच्या युनिटकडे तो नसतो. तिथे मेल बंद पडला तर कोणाला फोन करायचा इथपासून प्रश्न सुरू होतो.

व्हॉट्सॲपच्या काळात मेल लागतो कशाला, असं कोणाला वाटेल. बोईसरला असं वाटत नाही. मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग चौकशी पाठवतो ती मेलवर, ड्रॉइंग येतं मेलवर, कोटेशन आणि पीओ म्हणजे खरेदीचा आदेश मेलवर. व्हेंडर म्हणून नाव नोंदवताना कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा मेल मागतात. फोटो आणि भाव व्हॉट्सॲपवर फिरतात, पण व्यवहाराचा कागद मेलच असतो.

'सेंट'चा अर्थ काय

हिरवी पट्टी खोटं बोलत नाही, पण ती फार थोडं सांगते. बरीच छोटी संकेतस्थळं वर्डप्रेसवर उभी आहेत आणि वर्डप्रेस पीएचपी या भाषेत चालतं. फॉर्म भरला की पीएचपीचं मेल नावाचं फंक्शन मजकूर त्याच सर्व्हरवरच्या टपाल-प्रोग्रामच्या हवाली करतं. त्याने तो घेतला की फंक्शन 'झालं' असं कळवतं आणि पट्टी हिरवी होते. म्हणजे 'पाठवला' याचा अर्थ, संकेतस्थळाने आपल्या हातातून सोडला, इतकाच.

खरा प्रवास त्यानंतरचा. टपाल-प्रोग्राम डीएनएसला, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीला, विचारतो की या डोमेनचे मेल कोणता सर्व्हर घेतो. या नोंदीला एमएक्स म्हणतात. उत्तर मिळालं की तो त्या सर्व्हरच्या 25 नंबरच्या पोर्टवर जाऊन बोलू लागतो. हे बोलणं एसएमटीपी नावाच्या नियमांनी होतं. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये ते लिहून काढले आणि त्यांचा गाभा आजही तोच आहे. मी अमुक सर्व्हर, पत्र अमक्याकडून, तमक्यासाठी, हा मजकूर. प्रत्येक वाक्याला समोरून तीन आकडी उत्तर येतं. 250 म्हणजे घेतलं. 4 ने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. 5 ने सुरू होणारा म्हणजे घेणार नाही, पुन्हा येऊ नका.

बोईसरच्या त्या तरुणाच्या कामाचं अर्धं मर्म या आकड्यांत आहे. 4 चा आकडा असेल तर तो गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो, कारण सर्व्हर आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि हे काही दिवस चालू राहतं. 5 चा असेल तर त्याच्या पुढची ओळ वाचतो. 535 म्हणजे लॉगिन चुकलं. 550 म्हणजे पत्ता तरी अस्तित्वात नाही किंवा पाठवणाऱ्यावर विश्वास तरी नाही. आणि समोरून 250 येऊनही मेल दिसत नसेल, तर तो आपल्या सर्व्हरवर शोधण्यात अर्थ नाही. तो पलीकडच्या स्पॅममध्ये किंवा चाळणीत आहे.

लोक नेमकी ही ओळ वाचत नाहीत. 'मेलर डीमन'कडून इंग्रजीत परत आलेला मेल बघितला की व्हायरस समजून उडवून टाकतात. बिघाडाचं निदान त्यातच लिहिलेलं असतं.

जुन्या पेटीतल्या चौकश्या

फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मात्र काहीच परत आलं नव्हतं. तरुणाने होस्टिंगचं पॅनल उघडून पाठवलेल्या मेलची नोंद काढली. चाचणीच्या मेलपुढे हिरवी खूण होती : पोचला. मालक वैतागले. तरुणाने बोट ठेवलं ते शेजारच्या रकान्यावर. मेल बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरकडे गेलाच नव्हता. 'लोकल डिलिव्हरी' असं तिथे लिहिलं होतं.

झालं होतं असं. संकेतस्थळ आणि मेल दोन्ही आधी एकाच होस्टिंगवर होते. नंतर मालकांनी चांगली, पैसे भरून मिळणारी मेलसेवा घेतली आणि एमएक्सची नोंद बदलली. जगाच्या दृष्टीने कंपनीचे मेल नव्या ठिकाणी जाऊ लागले. अंकलेश्वरहून कोणी थेट मेल केला तर तो बरोबर पोचायचा, त्यामुळे शंका येण्याचं कारणच नव्हतं. पण जुन्या सर्व्हरवरच्या एका सेटिंगमध्ये अजून लिहिलेलं होतं की या डोमेनचे मेल माझेच आहेत. संकेतस्थळ तिथेच, त्यामुळे फॉर्मचा मेल निघाला की सर्व्हर एमएक्स बघतच नसे. दारातल्या दारात जुन्या पेटीत टाकून मोकळा होई.

ती जुनी पेटी उघडली. पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता, तो पॅनलमधून बदलावा लागला. आत न वाचलेल्या मेलची रांग होती. बरेचसे जाहिरातींचे, काही नोकरीचे अर्ज. त्यांच्यामध्ये वापीच्या एका कंपनीची चौकशी : एसएस 316 चा 5 किलोलिटरचा रिॲक्टर, लिंपेट कॉइलसकट, किती आठवड्यांत द्याल? त्याच कंपनीचा आठवड्याने दुसरा मेल, आधीच्याचं उत्तर मिळालं नाही म्हणून. तिसरा नव्हता.

मालकांनी तो मेल दोनदा वाचला. मग मोबाइल काढून तिथला नंबर लावला. ऑर्डर अर्थातच कधीच दुसऱ्याकडे गेली होती. समोरच्या माणसाने एवढं मात्र सांगितलं, की तुमच्याकडे कामाचा लोड असेल असं आम्ही धरून चाललो. माझ्या मनाला लागलं ते हे. पत्र न पोचल्याचं खापर पत्रावर फुटत नाही, पत्राच्या मालकावर फुटतं. गिऱ्हाईक समजतं, यांना आपली किंमत नाही.

दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं. पॅनलमध्ये 'लोकल'च्या जागी 'रिमोट' निवडायचं होतं. पुढची चाचणी काही सेकंदांत इनबॉक्समध्ये आली.

नाव एकाचं, पाठवणारा दुसरा

दुसरा रोग जास्त पसरलेला आहे आणि तो समजायला मेलची एक जुनी खोड माहीत हवी. पाकिटावर पाठवणाऱ्याचा एक पत्ता असतो आणि आतल्या कागदाच्या लेटरहेडवर दुसरा असू शकतो. मेलमध्येही तसेच दोन पत्ते असतात. सर्व्हर-सर्व्हरच्या बोलण्यात सांगितलेला पाकिटावरचा पत्ता आणि वाचणाऱ्याला दिसणारा 'फ्रॉम'. मूळ नियमांनी हे दोन्ही जुळलेच पाहिजेत असं कधी म्हटलं नाही. कोणीही कोणाच्याही नावाने लिहावं, अशी मोकळीक त्यात राहिली. बँकांच्या नावाने येणारे फसवे मेल याच फटीतून आले.

फट बुजवायला तीन उपाय आले. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये लावलेली यादी, की माझ्या नावाने एवढेच सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर उमटवलेली गणिती सही, जी पलीकडच्याला पडताळता येते. डीमार्क या दोन्हींची दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी सांगड घालतं आणि जुळलं नाही तर मेलचं काय करायचं तेही सांगतं. जाऊ द्या, स्पॅममध्ये टाका की नाकारा.

आता फॉर्मकडे बघा. संकेतस्थळ बनवणारे बरेच जण फॉर्म भरणाऱ्याचा पत्ताच 'फ्रॉम'मध्ये घालतात. हेतू चांगला असतो, उत्तर द्यायला सोपं जावं. पण फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता याहूचा असेल, तर आपला कुठला तरी स्वस्तातला सर्व्हर याहूच्या नावाने पत्र लिहीत असतो. याहूने एप्रिल 2014 मध्ये आपल्या डीमार्कमध्ये 'नाकारा' असं लिहिलं आणि जगभरचे असे मेल एका दिवसात पडू लागले. फेब्रुवारी 2024 पासून गुगलनेही पकड आवळली. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे निदान एसपीएफ किंवा डीकिम हवंच. दिवसाला 5,000 च्या पुढे पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीची, आणि स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्याच्या खाली ठेवणंही. मे 2025 पासून मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकनेही मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी हीच वाट धरली.

पालघरला एका क्लासचालक बाईंकडे हाच गोंधळ पाहिला. प्रवेशाची पोच मुलांच्या पालकांना जाईना. त्यांचा सरळ प्रश्न होता, दहा वर्षं चालत होतं, आम्ही काही बदललं नाही, मग बंद का पडलं? त्यांनी काही बदललं नव्हतं हे खरंच. पलीकडचे नियम बदलले होते. असाच धक्का 30 मे 2022 ला बसला होता. त्या दिवसापासून गुगलने वैयक्तिक खात्यांचा नुसता पासवर्ड बाहेरच्या प्रोग्रामकडून घेणं थांबवलं. संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये जीमेलचा पासवर्ड लिहून निर्धास्त झालेल्यांचे मेल 535 चा आकडा दाखवत थांबले. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यायचा, हा त्यावरचा उपाय. कित्येकांना तो फार उशिरा कळला.

बाईंच्या संकेतस्थळावर 'फ्रॉम'मध्ये क्लासच्या डोमेनचा पत्ता घातला आणि पालकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये हलवला. एसपीएफची यादी मात्र तरीही नापास होत होती. तपासलं तर डीएनएसमध्ये तिच्या दोन नोंदी. एक संकेतस्थळ बनवणाऱ्याची, दुसरी मेलसेवा लावून देणाऱ्याची. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन दिसल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो. दोघांनीही आपापलं काम बरोबर केलं होतं, फक्त एकाने दुसऱ्याचं बघितलं नाही. दोन्ही याद्या एका ओळीत आणल्या. त्या ओळीलाही मर्यादा आहे. तिच्यातून डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं की ती बाद. दिसेल त्या सेवेचं नाव त्यात जोडत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

केळव्याची पोच आणि घोलवडची प्रश्नचिन्हं

किनाऱ्यावर प्रश्नाची तऱ्हा वेगळी. केळव्यात घरगुती निवास चालवणाऱ्या एका जोडप्याचे मेल जात होते, पोचतही होते, पण स्पॅममध्ये. शेअर्ड होस्टिंगवर एका आयपी पत्त्यावर शेकडो संकेतस्थळं राहतात. त्यातलं एखादं हॅक होऊन त्यातून जाहिरातींचा मारा सुरू झाला, की तो पत्ता काळ्या यादीत जातो. स्पॅमहाउससारख्या संस्था 1998 पासून अशा याद्या ठेवतात आणि जगभरचे सर्व्हर त्या विचारतात. मग शेजाऱ्याच्या करणीचं फळ केळव्याच्या बुकिंगला. शिवाय होस्टिंगवाले तासाला किती मेल जातील यावर मर्यादा घालतात. जोडून सुट्ट्या आल्या की नेमकी तेव्हाच ती भरते.

अशांनी बुकिंगची पोच होस्टिंगवरून पाठवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त अशा मेलसाठी चालवलेल्या सेवा आहेत, लॉगिन घेऊन 587 पोर्टवरून त्यांच्यातर्फे मेल पाठवता येतो, आणि थोड्या मेलना खर्चही फार येत नाही. स्वस्त क्लाउड सर्व्हर घेऊन सगळं स्वतः करायला जाणाऱ्यांना आणखी एक अडचण भेटते. मोठ्या क्लाउड कंपन्या स्पॅम रोखण्यासाठी बाहेर जाणारं 25 नंबरचं पोर्ट मुळातच बंद ठेवतात. संकेतस्थळ झकास चालतं आणि मेल रांगेत तुंबून राहतात.

घोलवडला, जिथल्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चिकूच्या चकत्या विकणाऱ्या एका बागायतदाराचे मेल पोचत होते, फक्त विषयाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ. विषय मराठीत लिहिला होता. मेलचे मथळे मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेले, त्यामुळे देवनागरी विषय ठरावीक पद्धतीने गुंडाळून पाठवावा लागतो. त्यांच्या जुन्या फॉर्मला ते येत नव्हतं. प्लगइन बदलल्यावर 'आपली ऑर्डर मिळाली' हे शब्द नीट उमटले. हे काम एका तासाचंही नव्हतं. आणि तोवर त्यांना इंग्रजीत विषय लिहा असा सल्ला तिघांनी दिला होता! तो त्यांनी मानला नाही, याचा मला आनंद आहे.

लॉग वाचणारा

बोईसरचा तो तरुण संध्याकाळी चित्रालयजवळच्या त्याच्या गाळ्यात भेटला. समोर प्रिंटरची दुरुस्ती, आत संकेतस्थळं. शिक्षण आयटीआयचं, मेलचं सगळं हातानेच शिकलेला. त्याची पद्धत मला आवडली, कारण तिच्यात अंदाजाला जागा नाही. गिऱ्हाईक 'मेल जात नाही' म्हणालं की तो आधी विचारतो : कोणालाच जात नाही, की ठरावीक लोकांना? सगळेच मेल, की फक्त फॉर्मचे? कधीपासून? मग वेगवेगळ्या सेवांवरच्या आपल्याच पत्त्यांवर चाचणी पाठवतो. एखादा जरी पोचला तरी त्याचा मूळ मजकूर उघडतो. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' दाबलं की तो दिसतो.

त्यातल्या 'रिसीव्ह्ड'ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या. प्रत्येक सर्व्हर आपली नोंद वर चढवत जातो, म्हणून सगळ्यात खालची ओळ निघाल्याची आणि वरची पोचल्याची. दोन ओळींच्या वेळेत मोठं अंतर दिसलं की मेल कुठे अडकला ते कळतं. शेजारीच एसपीएफ, डीकिम, डीमार्क पास की फेल तेही लिहिलेलं असतं. तो हे सगळं गिऱ्हाइकाला दाखवतो, पडदा त्यांच्याकडे वळवून. घाई मात्र करावी लागते, कारण शेअर्ड होस्टिंगच्या पॅनलमधल्या नोंदी थोडेच दिवस टिकतात. महिन्याने तक्रार घेऊन आलात तर पुरावा पुसलेला असतो.

कायद्याच्या अंगानेही हे बिनमहत्त्वाचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या 13 व्या कलमानुसार, दोघांत वेगळं काही ठरलं नसेल तर, इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरला की तो रवाना झाला असं धरतात. घेणाऱ्याने ठरवून दिलेल्या संगणकात शिरला की मिळाला असं धरतात. वाचला का, हा प्रश्न त्या कलमात नाही. निविदा, नोटीस, बिल यांवरून उद्या वाद झाला तर लॉगमधली एक ओळ कामी येते. मालाचे पैसे 45 दिवसांत मिळण्याच्या नियमावर विसंबणाऱ्या लघुउद्योजकाने तर ती जपूनच ठेवावी.

किल्ली कोणाकडे

बोईसर, पालघर, केळवं इथे जे पाहिलं त्यात तांत्रिक बिघाड दुरुस्त व्हायला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो डीएनएसचं पॅनल कोणाकडे आहे हे शोधण्यात. क्लासच्या बाईंचं डोमेन संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावावर होतं. तो शहर सोडून गेलेला, मोबाइल बदललेला. जुन्या बिलावरून दुसऱ्याच एका नंबरवर त्याचा भाऊ सापडला, भावाकडून तो. सुदैवाने माणूस सरळ होता, त्याने लगेच सगळं हवाली केलं. तसा नसता तर?

डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि मग आठवडाभर आधी आठवण पाठवणं नोंदणी कंपनीवर बंधनकारक आहे. ती आठवण जाते नोंदणीतल्या ई-मेलवर. तो पत्ता अशा माणसाचा असेल जो आता तो उघडतच नाही, तर आठवण वाऱ्यावर जाते आणि एका सकाळी संकेतस्थळ आणि मेल दोन्ही बंद होतात. कारखान्याचा सातबारा, वीजबिल, प्रदूषण मंडळाची संमती हे सगळं फाइलला लावणारे मालक डोमेनच्या बाबतीत 'ते वेबसाइटवाला बघतो' म्हणून सोडून देतात. हा निष्काळजीपणा आहे, आणि तो महाग पडतो, असंच मी म्हणेन.

वेबसाइटवाल्यांनाही एक सांगणं आहे. काम संपवताना गिऱ्हाइकाच्या हातात एक कागद द्या. डोमेन कुठे नोंदवलं, डीएनएस कुठे, होस्टिंग कोणाचं, मेल कोणाचा, नूतनीकरण कधी. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्या. बोईसरचा तरुण हे करतो आणि गिऱ्हाईक टिकत नाही असं त्याला आजवर कधी वाटलेलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की खरेदी विभाग पुन्हा उघडतात आणि चौकश्या सुरू होतात. तुमचं छोटं-मोठं संकेतस्थळ असेल तर त्याआधी एक काम करा. दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवरून, वेगळ्या मेलपत्त्याने, तुमचाच फॉर्म भरा आणि तो मेल तुमच्याकडे येतो का ते बघा. मग डोमेनच्या नोंदणीत कोणाचा ई-मेल लिहिला आहे ते तपासा. तो तुमचा नसेल, तर ज्याचा आहे त्याला आजच फोन करा.